खोट्या गावातलं कर्ज

नव्वदच्या दशकात आमच्या सहकारी बँकेत कॉम्प्युटर आले, तेव्हा सांगलीच्या शाखेत आम्हाला आधी सरावाची बँक दिली. पडद्यावर एक अख्खं गाव होतं. साठ खातेदार, प्रत्येकाचं नाव, धंदा, शिल्लक, सगळं बनवलेलं. आम्ही त्याला खोटं गाव म्हणायचो. दोन दिवसांत ते आमच्या इतकं अंगात भिनलं, की तिथल्या एका किराणा दुकानदाराच्या थकबाकीवरून डबे खाताना वाद व्हायचे.

तिसऱ्या दिवशी परीक्षा होती. दोन तासांत तीस व्यवहार. ज्याचे जास्त बरोबर, तो सांगलीत कॉम्प्युटरवर बसणार. दुसऱ्याची बदली शिरवळला. परीक्षेला आम्ही दोघंच होतो, मी आणि शेजारच्या काउंटरवरच्या बाई. त्या मूळच्या कुंडलच्या, नवऱ्यामागे त्याच्या जागी लागलेल्या. घरी सासू अंथरुणाला खिळलेली. शिरवळला बदली म्हणजे त्यांना नोकरी सोडणंच होतं.

माझे तीस व्यवहार वीस मिनिटं राखून झाले. बाई बराच वेळ सतराव्यावरच अडल्या होत्या. शिकवायला पुण्याहून आलेले तरुण साहेब त्यांच्यामागे जाऊन उभे राहिले.

“काय झालं?”

“साहेब, ह्या दुकानदाराला कर्ज द्या म्हणतंय. जामीनदार कुठं हाय?”

“अहो बाई, माणूसच खोटा आहे. बटण दाबा आणि पुढं चला.”

“माणूस खोटा असंल. बोट माझं हाय न्हवं?”

मला हसू आलं. म्हटलं, “बाई, मी राहतो त्याला जामीन.”

“तुमी तर त्याला बिनजामिनाचं देऊन मोकळं झालाय,” त्या मान न वळवता म्हणाल्या.

त्यांनी नकाराचं कारण नियमासकट कागदावर लिहिलं आणि उरलेले तेरा व्यवहार पूर्ण केले. मशीनवर त्यांचे एकोणतीसच भरले.

साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. मग स्वतः बसून जामीनदाराशिवाय एक कर्ज टाकून पाहिलं. मशीननं घेतलं. त्याहून मोठ्या रकमेचं टाकलं, तेही घेतलं. हाच प्रोग्रॅम सोमवारपासून खऱ्या खात्यांवर चालणार होता. साहेब उठून मुख्य कचेरीला फोन करायला गेले. परत आल्यावर त्यांनी निकाल सांगितला: बाईंचे तीस, माझे एकोणतीस.

मी तो हिशेब घरी पुन्हा करून पाहिला. बरोबर होता. शिरवळला मी दोन वर्षं तीन महिने काढले. माझी तक्रार नव्हती, बायकोची होती. बाई मात्र निकालाच्या दिवशीही रोजच्यासारख्याच संध्याकाळी साडेपाचला काउंटरवरून उठल्या आणि सासूचं औषध घेऊन घरी गेल्या.