रीडवरचा शेवटचा हात

मास्तरांनी हे वाद्य स्वतः निवडलं असं कुणी म्हणालं, तर बिलकूल विश्वास ठेवू नका. ते त्यांच्या गळ्यात पडलं. शाळेच्या वाद्यवर्गात नावं घ्यायची होती, त्या दिवशी त्यांना पोचायला उशीर झाला. ट्रम्पेट गेलं, क्लॅरिनेट गेलं, ड्रम बडवायलासुद्धा जागा उरली नाही. कपाटात एकच लांबलचक पेटी पडून होती. वर्गशिक्षकांनी पोराचे हात पालथे करून बघितले आणि म्हणाले, "बोटं लांब आहेत. घे हे." झालं! जन्माची गाठ बांधली गेली.

घरी वडिलांनी पेटी उघडली. वडील शिंपी, तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय. तसंच म्हणाले, "हे काय आणलंस? नळदुरुस्तीचं दुकान काढतोयस का?" त्यात वाद्याचं विलायती नाव ‘बसून’! मग काय, धाकट्या बहिणीला आयुष्यभराचं कोलीत मिळालं. येईल-जाईल त्याला ती सांगायची, "आमचा दादा बसून वाजवतो. उभा केला की वाजत नाही." या विनोदाला मास्तर एकदाही हसले नाहीत, आणि ते हसत नाहीत म्हणून ती तो सांगायची थांबली नाही.

तर हा बसून. उभा केला तर जवळजवळ माणसाएवढा, लाकडी, आवाज खालचा आणि जरासा नाकातला. सर्दी झालेला एखादा शहाणा काका बोलावा तसा. मोठ्या वाद्यवृंदात मास्तरांना नोकरी लागली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. खुर्ची मधल्या रांगेत. पुढे व्हायोलिनवाल्यांची फौज, मागे पितळी वाद्यांचा दणका, आणि मधे हे. प्रेक्षकांना त्यांच्या टकलापलीकडे काही दिसायचं नाही. कामही कसलं, तर निम्मा वेळ गप्प राहून मनातल्या मनात मात्रा मोजायच्या आणि आपली पाळी आली की चार ओळी वाजवून पुन्हा मोजायला लागायचं. मोजण्यात चूक झाली तर सगळ्या सभागृहाला कळतं. बरोबर वाजवलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. असल्या नोकरीत माणूस घुमा होणार नाही तर काय होणार?

लग्नाचं म्हणाल, तर एकदा जमत आलं होतं. पण संध्याकाळी सगळं जग मोकळं होतं तेव्हा हा गृहस्थ काळा कोट चढवून कामाला निघणार. ती बाई समजूतदार होती. दुसरीकडे लग्न करून मोकळी झाली. मास्तर आईबरोबर राहिले. आईला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण घरी आल्यावर ती रोज विचारायची, "झालं का नीट?" आणि मास्तर म्हणायचे, "झालं." एवढंच बोलणं. पण रोजचं.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. या वाद्याचा जीव असतो त्याच्या रीडमध्ये. बोरूसारखी एक पोकळ काडी असते. ती भिजवायची, तासायची, दुमडायची, तारेनं आणि दोऱ्यानं आवळायची, वाळवायची, टोक कापायचं, आणि मग बारीक सुरीनं खरवडत बसायचं. करंगळीपेक्षा लहान हे प्रकरण, पण ते बिघडलं तर लाखमोलाचं वाद्यही रडतं. बाजारात तयार रीड मिळतात, पण त्या ऐकून मास्तर नाक मुरडायचे. आपल्या ओठांची रीड आपण करायची, असा त्यांचा बाणा. खिडकीशी एक टेबल होतं. त्यावर सुऱ्या, पाण्याची वाटी आणि वडिलांच्या दुकानातली उरलेली जांभळ्या दोऱ्याची रिळं. मास्तरांची रीड म्हणजे जांभळा दोरा, हे सगळ्या वाद्यवृंदाला माहीत होतं.

आणि शेवटचा हात. रीड होत आली की ती नुसतीच ओठांत धरून फुंकायची. ती कावळ्यासारखी ओरडते. त्या ओरडण्यावरून ओळखायचं की अजून कुठे खरवडायचं, टोकाला की कडेला. एक केसभर जास्त गेलं तर सगळी मेहनत पाण्यात. हे डोळ्यांनी होत नाही. ओठांना आणि दातांना जी थरथर लागते, तिच्यावरून ठरतं. मास्तरांचा शेवटचा हात असा होता की शेजारचा ओबोवाला, म्हणजे विलायती सनई वाजवणारा, म्हणायचा, "तुझा ओठ कापून मला देऊन जा मरताना."

मास्तर शिकवायचेही. रविवारी घरी विद्यार्थी यायचे. मास्तर त्यांना सगळं शिकवायचे, रीड करणंसुद्धा. पोरं शिकायची, पाया पडल्यासारखं करायची आणि जायची, ती जायचीच. नाताळ नाही, वाढदिवस नाही, फोन नाही. आई होती तोवर मास्तरांना त्याचं काही वाटलं नाही. मग आई गेली. "झालं का नीट?" विचारणारं कुणी उरलं नाही. मास्तर घरी येऊन कोट खुंटीला लावायचे आणि उगाच घसा खाकरायचे. दिवसभरात आवाज वापरलेलाच नसायचा.

त्याच सुमारास ओबोवाला चेष्टेत बोलून गेला, "अरे, तू त्यांना सगळं देऊन टाकतोस. मग ते कशाला येतील परत? मी बघ, थोडं हातचं राखून ठेवतो." तो हसला आणि विसरूनही गेला. मास्तर विसरले नाहीत.

चिमणी शिकायला आली ती यानंतर. नाव काही का असेना, मास्तर तिला चिमणीच म्हणायचे, कारण वाद्यामागे ती दिसायचीच नाही, नुसते दोन डोळे आणि एक भांग. पोरगी हुशार, वर तोंडाळ. पहिल्याच दिवशी म्हणाली, "सर, तुमच्या घरात एवढी शांतता का आहे? कुणी आजारी आहे का?" मास्तरांना इतकं हसू आलं, इतकं आलं, की शेवटी डोळे पुसावे लागले. त्या दिवसापासून त्यांचा आठवडा रविवारपासून सुरू व्हायला लागला.

तिला त्यांनी सगळं दिलं. श्वास, बोटं, मोजणं. काडी भिजवण्यापासून दोरा आवळण्यापर्यंत रीडसुद्धा शिकवली. फक्त शेवटचा हात आला की म्हणायचे, "आण इकडे. हे तुला अजून जमायचं नाही. मी देतो करून." आज नाही, उद्या. उद्या नाही, परीक्षेनंतर. परीक्षा झाली, तिला दुसऱ्या शहरातल्या वाद्यवृंदात नोकरीही लागली, तरी मास्तरांचं तुणतुणं तेच. "रीड न्यायला ये हं रविवारी. मी करून ठेवतो."

आणि ती यायची! बसचा प्रवास करून महिन्यातून एखादा रविवार यायची, चहा प्यायची, संचालकांच्या नकला करायची, जांभळ्या दोऱ्याच्या रीड डबीत घालून जायची. मास्तर महिनाभर एकेक गोष्ट साठवून ठेवायचे तिला सांगायला. निवृत्तीनंतर तर दुसरं काही उरलंच नाही.

बहिणीच्या मात्र हे लक्षात आलं होतं. फोनवर एकदा तिनं सरळ विचारलं, "दादा, ती पोरगी इतकी हुशार म्हणतोस, मग तिला अजून रीड करता येत नाही?"

"अवघड असतं ते. तुला काय कळतंय त्यातलं?"

"रीडमधलं नाही कळत. तुझ्यातलं कळतं. शिकवलंस तर ती यायची बंद होईल, म्हणून शिकवत नाहीस तू."

मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. फोन आपटला. खरं ऐकावं लागलं की माणूस असाच फोन आपटतो.

मग दातांनी दगा दिला. पुढचे दात हलायला लागले, काढावे लागले आणि कवळी आली. कुणाला वाटेल, त्यात काय एवढं? पण मास्तरांनी नवी कवळी घालून पहिली रीड ओठांत धरली, फुंकली. थरथरच लागेना. आवाज कानाला येत होता, पण तोंडात सगळं बधिर. भिंतीपलीकडचं बोलणं ऐकावं तसं. त्यांनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही, चिमणीला तर नाहीच नाही. डोळ्यांच्या अंदाजानं आणि हाताच्या सवयीनं रीड खरवडल्या आणि तिच्या पुढे ठेवल्या. तिनं एक वाजवून बघितली.

"मस्त आहे, सर."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. त्यापुढेही ती दरवेळी मस्तच म्हणत राहिली.

अशात तिच्या वाद्यवृंदाचा मोठा कार्यक्रम ठरला. त्यात सुरुवातीलाच सगळी वाद्यं गप्प आणि बसून एकटा, असा एक लांब तुकडा होता. वाजवणार चिमणी. तिनं तिकीट हातात कोंबलं, "यायचंच, काही ऐकणार नाही." मास्तर काळा कोट घालून गेले. जन्मात पहिल्यांदा प्रेक्षकांच्या खुर्चीत बसल्यामुळे हात कुठे ठेवावेत ते कळेना.

दिवे मंद झाले. चिमणीनं वाद्य ओठांना लावलं. पहिला सूर आला, आणि मास्तर ताठ झाले. ती रीड त्यांची नव्हती.

आपल्या पोराचा खोकला आईला गर्दीतही ओळखू येतो की नाही? मास्तरांची रीड सूर धरताना जराशी अडायची, मग मोकळी व्हायची. ही अडलीच नाही. उघडी, उजळ, सरळ. कवळीनंतरच्या त्यांच्या मुक्या रीडमधून असला सूर निघणं शक्यच नव्हतं. आणि वाजवलं काय पोरीनं! बाजूची बाई डोळे टिपत होती. मास्तरही टिपत होते, पण त्यांचं कारण एकच नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर ते रंगमंचामागे गेले. चिमणी वाद्य पुसत होती. डबी उघडीच होती. एका बाजूला हिरव्या दोऱ्याच्या रीड, वापरून काळवंडलेल्या. दुसऱ्या बाजूला जांभळ्या. कोऱ्या करकरीत.

"कधीपासून?" मास्तरांनी विचारलं.

तिनं डबी झाकायला हात नेला आणि मग नेला तसाच मागे घेतला. "नोकरीच्या पहिल्या वर्षापासून. तिथल्या एकानं शिकवलं. तो म्हणाला, हे तर पोरांना शाळेतच शिकवतात, तुझ्या सरांनी कसं नाही शिकवलं?"

"मग?"

"मग राग आला. खूप आला. मध्ये दोन महिने आलेच नव्हते, आठवतंय? ताप आलाय म्हणून सांगितलं होतं. ताप-बीप काही नव्हता, सर."

मास्तरांना आठवत होतं. तेव्हा त्यांनी तापावरची औषधं फोनवरून सांगितली होती.

"मग परत कशाला आलीस? उपकार म्हणून?"

"असं काय बोलता!" चिमणीचा आवाज चढला. "मला यायचंच असायचं. पण तुम्ही कधी नुसतं ये म्हणालात? दरवेळी रीड न्यायला ये, रीड न्यायला ये. मग मी रीड न्यायला यायचे."

मास्तरांनी डबीतली एक कोरी जांभळी रीड उचलली आणि परत ठेवली. मग म्हणाले, "रविवारी ये. शेवटचा हात दाखवतो."

रविवारी ती आली. मास्तरांनी सकाळपासून काडी भिजवून ठेवली होती. तिला शेजारी बसवलं, सुरी घेतली, रीड ओठांत धरली, फुंकली. कावकाव झाली. "हं. आता बघ, इथे..." सुरी हवेतच थांबली. पुन्हा फुंकली. पुन्हा. इथे की तिथे? कुठे? तोंड काही सांगेना. तरी त्यांनी जोर करून कडेला खरवडलं, आणि रीड टोकापासून फाटली.

"दुसरी घेऊ," चिमणी म्हणाली.

"नको." मास्तरांनी सुरी खाली ठेवली. "येत नाही मला आता. दात गेल्यापासून काहीच लागत नाही तोंडाला. होतं तेव्हा दिलं नाही तुला, आणि आता द्यायला बसलोय तर माझ्याकडेच नाही." तिनं त्यांच्या हातातून फाटकी रीड काढून घेतली. टाकली नाही, बाजूला ठेवली. मग दोघांनी चहा घेतला. पण नकला झाल्या नाहीत.

निघायची वेळ झाली. चिमणीनं बूट चढवले, पिशवी खांद्याला लावली. डबी काढायचं कारण नव्हतं. न्यायलाच काही नव्हतं. वाद्यवृंद दौऱ्यावर जाणार होता, तेवढं सांगून ती जिना उतरू लागली. मास्तर दारात उभे. जन्मभर आपली पाळी कधी येते ते मोजत बसलेला हा माणूस, आणि आता पाळी आली तर तिच्या पायऱ्या मोजत राहिला. ती खालच्या वळणावर पोचली तेव्हा कुठे आवाज फुटला, आणि फुटला तो असा की शेजारणीनं दार उघडून बघितलं.

"चिमणे! दौऱ्यावरून आलीस की ये."

तिनं वर बघितलं. "कशाला, सर?"

"कशाला म्हणजे?" मास्तर कठडा धरून म्हणाले. "एकटा असतो मी."