डोंगराचा वेग
डोंगर किती सरकला हे मोजण्यात मोजणीवाल्या बाईंचं आयुष्य गेलं. यंदा तो दिवसाला दोन मिलिमीटर सरकत होता, आणि पायथ्याशीच बाईंचं घर. पण वरच्या ऑफिसला प्रत्येक वेग ताशी किलोमीटरमध्येच हवा, तोही दोनच दशांशांपर्यंत. जणू डोंगराला शर्यतीत उतरवायचंय! बाईंनी गणित केलं: दशांशचिन्हापुढे सात शून्यं, मग कुठे आठ.

"शून्य लिहा की," साहेब म्हणाले. "उगाच डोकेफोड कशाला?"

सांगून सांगून बाईंची जीभ झिजली होती. त्यांनी शून्य लिहिलं.

संध्याकाळी घराचं दार पुन्हा चौकटीत अडकलं. हातात रंधा घेऊन नवऱ्याने आतून विचारलं, "किती सरकला गं?"

"शून्य," बाई म्हणाल्या आणि त्यांनी बाहेरून दाराला खांदा लावला.