सासूबाईंचं वजन

चष्मेवालीला जिममधली मशीनं आवडत, कारण त्यांवर बसायला मिळे. दिवसभर दुकानात उभं राहून लोकांच्या नाकावर चष्मे चढवायचे, 'आता खालची ओळ वाचा' म्हणायचं, आणि संध्याकाळी मऊ सीटवर पाठ टेकून पाय ताणायचे. हाडं ठिसूळ व्हायला लागलीत असं डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यापासून ती नेमानं जात होती. पायांनी ढकलायच्या मशीनवर ती एवढं वजन रेटायची, की घरी आल्यावर नवऱ्याला आकडा सांगितल्याशिवाय तिला जेवण जायचं नाही. नवरा बिचारा कंबरदुखीचा, तो नुसता "वा!" म्हणे. सासूबाई मात्र खुर्चीतून विचारत, "मग बरणीचं झाकण उघडायला माझ्याकडे का आणतेस?"

सासूबाई तोंडानं तिखट आणि अंगानं भरदार.

एका दुपारी नवरा कामानिमित्त परगावी असताना त्या पडदा सरकवायला उठल्या आणि खुर्चीच्या कडेवरून घसरून फरशीवर बसल्या. चष्मेवाली धावत आली.

"कुठं लागलं का, आई?"

"लागलं कुठं नाही. फक्त उठता येत नाहीये."

चष्मेवालीनं बाह्या सरसावल्या. मागून काखेत हात घालून ओढलं, सासूबाई तसूभर हलल्या नाहीत. समोरून दोन्ही हात धरून ओढलं, तेव्हा तीच त्यांच्या शेजारी येऊन बसली.

"मशीनवर तर म्हणे डोंगर हलवतेस."

"मशीनला पाठ टेकता येते, आई."

"मग टेक माझ्या पाठीला."

शेजारची नर्स कामावरून येईपर्यंत वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हतं. दोघी पाठीला पाठ लावून बसल्या. लग्नाआधी आपल्याला टपालखात्यात नोकरी लागली होती आणि वडिलांनी जाऊ दिलं नव्हतं, हे सासूबाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. शेवटी नर्स आणि तिचा नवरा आले आणि दोघांनी मिळून त्यांना उठवलं.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाली जिमच्या ट्रेनरकडे गेली. त्याला सगळे पैलवान म्हणत, पण दिसायला तो हडकुळाच होता. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मशीन तुमचा तोल सांभाळतं, ताई. वजन ठरलेल्या रुळावरून जातं, तुम्ही फक्त ढकलायचं. सासूबाईंना रूळ नसतात."

"ते मला लग्न झाल्या झाल्याच कळलं होतं," चष्मेवाली म्हणाली.

पैलवानानं तिला आरशासमोरच्या कोपऱ्यात नेलं. मशीनं नाहीत, नुसत्या लोखंडी दांड्या आणि चकत्या. एवढे दिवस ती त्या कोपऱ्याला वळसा घालून जात होती. त्यानं तिच्या खांद्यांवर चकत्या न लावलेली मोकळी दांडी ठेवली आणि खाली बसून उठायला सांगितलं. चष्मेवालीचा एक गुडघा पूर्वेला गेला, दुसरा पश्चिमेला, आणि दांडी दक्षिणेकडे कलली. पैलवानानं ती वेळीच धरली. त्या रात्री नवऱ्याचा फोन आला, तेव्हा तिनं आकडा सांगितला नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात खालचा खण उघडताना ती इतकी कण्हली, की डोळे तपासायला आलेल्या गिऱ्हाइकानंच तिला स्टूल आणून दिलं.

तरी ती चिकाटी सोडेना. पाय जमिनीत रोवायचे, वजन अंगालगत ठेवायचं, पाठ ताठ, आणि जोर कंबरेतून नाही, पायांतून लावायचा. घरी ती धान्याचं पोतं उचलून सराव करी आणि सासूबाई चष्मा सावरत देखरेख करीत.

"कंबर वाकतेय. पुन्हा."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तूच बनवलेला चष्मा आहे. सगळं दिसतं."

हिवाळा सरत आला असताना सासूबाई पलंगाखाली गेलेली चप्पल काढायला वाकल्या आणि पुन्हा खाली बसल्या. या वेळी चष्मेवालीनं घाई केली नाही. कुठे दुखत नाही ना, ते विचारलं, समोर उकिडवी बसली, त्यांना छातीशी घट्ट धरलं, "हं, आता तुम्हीही पाय रोवा," म्हणाली आणि उठली. सासूबाई तिच्याबरोबर वर आल्या.

दोघी उभ्या राहिल्या, एकमेकींना मिठी मारून. इतक्या वर्षांच्या संसारात अशी वेळ आली नव्हती, त्यामुळे पुढे काय करायचं ते दोघींनाही सुचेना.

"सोड आता," सासूबाई म्हणाल्या, पण स्वतः हात काढले नाहीत.

थोड्या वेळानं पलंगावर टेकून त्या म्हणाल्या, "दर वेळी तू घरात असशीलच असं नाही. त्या तुझ्या पैलवानाला विचार, माझ्या वयाच्या बायकांना शिकवतो का."

पैलवान शिकवत होता. पहिल्या दिवशी त्यानं सासूबाईंना हातात काही न देता नुसतं खुर्चीतून उठायला आणि बसायला लावलं.

"छान, आजी."

"छान काय? आधी तू सरळ उभा राहा," सासूबाई म्हणाल्या. "पोक काढून शिकवतात होय?"

पैलवानानं खांदे मागे घेतले.