विजेचे आळे

त्या मनोऱ्यावर मी चढलो नव्हतो. हे वाक्य मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, कचेरीत नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही. आज चौदा-पंधरा वर्षांनी ते लिहितो आहे ते धीर आला म्हणून नव्हे, लपवण्याचा शीण आला म्हणून. आणि ते सांगायचे तर आधी आळेमामा सांगितले पाहिजेत, कारण त्या वाक्याचे ओझे माझ्याऐवजी त्यांनी वाहिले.

आळेमामा हे काही त्यांचे खरे नाव नव्हे. सोलापुरातल्या एका ख्रिस्ती देवळाचे ते रखवालदार. तिथली मंडळी चर्चला देऊळच म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. काळ्या दगडाच्या भिंती, वर मंगलोरी कौले आणि एका अंगाला घंटेचा मनोरा. मनोऱ्याच्या टोकाला विजेपासून रक्षण म्हणून एक गज उभा होता. त्या गजापासून निघालेली तांब्याची पट्टी भिंतीवरून खाली येऊन जमिनीत गेली होती. ती जिथे जमिनीत शिरे तिथे मामांनी झाडाला करतात तसे गोल आळे केले होते. रोज संध्याकाळी ते त्यात दोन घागरी पाणी ओतत, त्यावरून आळेमामा. वीज जमिनीत मुरायची तर खाली ओल पाहिजे, असे देऊळ बांधणाऱ्या मिस्त्रीने त्यांना तरुणपणी कधीतरी सांगितले होते. मिस्त्री सांगून विसरला असेल. मामा विसरले नाहीत. वैशाखात सोलापुरात माणसांना पाण्याची मारामार, तेव्हाही हा सत्तरीकडे झुकलेला माणूस देवळामागच्या शाळेच्या विहिरीवरून घागर खांद्यावर घेऊन येई आणि पट्टीच्या बुडाशी ओती.

माझी कचेरी त्याच रस्त्याला होती. शुक्रवार पेठेतल्या घरी परतताना हे दृश्य मला रोज दिसे. कोपऱ्यावरचे टांगेवाले त्यांना छेडत. एकदा एकाने विचारले, "मामा, लई वर्सं पानी घालताय. फळ कवा धरायचं ह्येला?" मामांनी घागर पालथी केली, शेवटचा थेंब झटकला आणि म्हणाले, "धरलंय की. देऊळ अजून उभं हाय, दिसत न्हाय व्हय तुला?"

रविवारी उपासना चाले तेव्हा मामा आत बसत नसत. दाराशी स्टूल टाकून ते आढ्याकडे पाहत बसत. कुठले कौल सरकले, कुठल्या वाशावर वाळवीची माती चढली, हे त्यांचे वाचन. उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी एकदा हसत विचारले, "मामा, उपदेश ऐकता की वासे मोजता?" त्यावर मामा म्हणाले, "तुमी मानसं सांबाळा, पाळकसायेब. वाशांचा पाळक कोन हाय दुसरा?" नाताळात मेणबत्त्या आणि कागदी साखळ्या लागल्या की खांद्यावर ओले गोणपाट टाकून ते भिंतीकडेने फिरत. एका लग्नात नवरीची आई चिडली, "मामा, तुमच्या त्या पोत्याला वास मारतोय. जरा लांब उभे राहा की." मामा चार पावले मागे सरले. गोणपाट मात्र खांद्यावरच राहिले.

देवळाचा विमा उतरवायचे ठरले ते शहरात एका गिरणीचे गोदाम जळाले त्यानंतर. देवळाचा कारभार पाहणाऱ्या पंचांत यावरून थोडा वाद झाला. देवाच्या घराचा विमा म्हणजे देवावर अविश्वास, असे एका वृद्ध पंचांचे म्हणणे. मामा चहाच्या बश्या उचलत होते. ते कोणी न विचारता म्हणाले, "देव राखतोच की. पन कौलं त्यो येऊन बदलत न्हाय." वाद तिथेच मिटला, असे पाळकसाहेबांनी मला सांगितले.

मी तेव्हा एका विमा कंपनीच्या शाखेत कारकून होतो. आमचे तपासनीस तापाने आजारी पडले आणि देवळाच्या तपासणीला मला पाठवण्यात आले. नीट केलीस तर पुढे तपासनीस म्हणून तुझेही नाव सुचवतो, असे शाखाप्रमुख म्हणाले होते. वय सव्वीस, घरी नुकतेच मूल झालेले. मी छापील कागद घेऊन भर दुपारी देवळात गेलो.

मामांनी मला सगळे देऊळ दाखवले. भिंतीवर बोटाची गाठ वाजवून ते कान लावत आणि सांगत, "हितं भरीव हाय. हितं पोकळ बोलतंय बगा." कागदावरचे प्रश्न मी मराठी करून विचारत होतो. इमारतीत पेट घेणारे पदार्थ साठवता काय, असे विचारताच ते म्हणाले, "रॉकेल भायेर ठेवतो. आत गान्याची पुस्तकं हायत, दोन कपाटं भरून. त्ये लिवा." कोणी न विचारलेला धोका स्वतःहून सांगणारा असा माणूस विम्याच्या धंद्यात मला पुन्हा भेटला नाही.

मग आम्ही मनोऱ्याच्या शिडीपाशी आलो. "आता वर चला, सायेब. खरं काम वरच हाय." गजाला पट्टी जिथे जोडली होती तो जोड, त्यांनी सांगितले, वाऱ्याने सैल झाला होता. मामांनी तो तात्पुरता लोखंडी तारेने आवळून ठेवला होता. तिथे तांब्याचा रिबिट, म्हणजे ठोकून बसवायचा खिळा, मारायला हवा, तांबट यायला तयार आहे, असे त्यांनी पंचांना तीनदा सांगितले होते. पंचांचे उत्तर एकच. आता विमा कंपनीचा माणूस येणारच आहे, त्याने लिहिले तर करू.

म्हणजे सगळे माझ्या कागदावर अडले होते. ते मला कळले होते. कळले नव्हते असे म्हणायची सोय मी स्वतःला ठेवत नाही.

उन्हाने माझे डोके गरगरत होते, घशाला कोरड पडली होती. शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. मामा लगबगीने घागर घेऊन आले. "घोटभर पानी घ्या, सायेब. मग चडू." आमच्या घरात त्यांच्या हातचे पाणी चालत नसे. मी म्हणालो, "नको, आत्ताच प्यालोय." माझे ओठ सुकलेले होते, ते त्यांना दिसत होते. त्यांनी घागर तशीच बाहेर नेली आणि माझ्यादेखत आळ्यात ओतली. "असू द्या," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. "विजंला चालतंय."

मी म्हणालो, "मामा, मनोरा उद्या बघतो."

"उद्या नक्की या. तुमी लिवल्याबिगर पंच तांबटाला बोलवायचे न्हाईत."

मी गेलो नाही. शाखाप्रमुखांनी कागद त्याच दिवशीच्या टपालाने मुंबईला धाडायला सांगितला, हे एक कारण झाले. पण कागद एक दिवस थांबवता आला असता. खरे कारण असे की त्या पाण्यानंतर मामांच्या तोंडाकडे पाहणे मला नको होते. मी टेबलाशी बसून लिहिले, "मनोऱ्यावर जाऊन सर्व जोड स्वतः पाहिले. सुस्थितीत आहेत." खाली सही केली.

तीन-चार दिवसांनी मामा कचेरीच्या दाराशी आले. आत पाऊल न टाकता त्यांनी विचारले, "सायेब, लिवलं का?"

मी म्हणालो, "लिहिलं."

"बरं झालं. तांबटाला सांगून ठिवतो," असे म्हणून ते निघून गेले. त्यांच्या पाठीकडे पाहताना मला हाक मारता आली असती.

त्याच महिन्याच्या अखेरीस, पंचांनी तांबटाला बोलावलेले नसतानाच, वळिवाचे आभाळ आले. गिरणीचा दुपारचा भोंगा नुकताच झाला होता. मनोऱ्यावर वीज पडली ती मी कचेरीच्या खिडकीतून पाहिली. ती पट्टीवरून खाली उतरलीच नाही. सैल जोडापाशी फुटून घंटेच्या लाकडी चौकटीत शिरली, तिथून कौलांखालच्या वाशांत. आम्ही धावत पोहोचलो तेव्हा मामा छपरावर होते. कुऱ्हाडीने ते मधले वासे तोडत होते, आग पुढे सरकू नये म्हणून. ज्या वाशांवर ते आयुष्यभर वाळवी चढू देत नव्हते तेच वासे ते स्वतःच्या हाताने तोडून खाली टाकत होते. अर्धे छप्पर त्यांनी वाचवले, आणि मागची शाळाही. दोन्ही तळहात भाजले.

चौकशीला मुंबईहून मोठे अधिकारी आले. ते मात्र वर चढले. जोडापाशी त्यांना लोखंडी तारेचे वितळलेले तुकडे मिळाले. शाळेच्या खोलीत सगळे जमले. पंच, पाळकसाहेब, मी, आणि दाराशी मामा, दोन्ही हातांना चिंध्या बांधून. अधिकाऱ्यांनी ते तुकडे टेबलावर ठेवले आणि मला विचारले, "तुम्ही तपासलंत तेव्हा ही तार होती?"

मी म्हणालो, "नव्हती."

मामा दारातून म्हणाले, "सायेब वर आलेच न्हाईत. उद्या येतो म्हनले. आन् मागनं मी इचारलं तवा लिवलं म्हनले."

अधिकाऱ्यांनी माझा कागद पुढे केला. एक पंच चष्मा सावरून वाचू लागले. "मामा, इथे स्वतः पाहिले असं लिहिलंय. खाली सही आहे यांची."

"सही खालीच केली आसंल की," मामा म्हणाले. "वर दऊत न्हाय."

कोणीतरी हसले. पाळकसाहेब हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे वळून अगदी हळू विचारले, "तुम्ही चढला होता ना?"

त्या क्षणी मला घरचे तान्हे मूल आठवले, आईची औषधे आठवली, हे सगळे खरे. पण ते नंतर रचल्यासारखेही वाटते. तेव्हा तोंडातून फक्त एवढेच गेले, "चढलो होतो."

मामांनी माझ्याकडे पाहिले. मग ते आढ्याकडे पाहू लागले, एखाद्या रविवारी पाहत तसे.

तपासणीनंतर जोडात ढवळाढवळ झाली, असे ठरवून कंपनीने भरपाई नाकारली. तीनदा सांगूनही रिबिट न मारल्याची आठवण पंचांना नसेल असे नाही. पण कागद हाताशी होता आणि तो सगळ्यांच्याच सोयीचा होता. "रखवालदाराच्या हयगयीमुळे देवळाचे नुकसान झाले," असा ठराव पंचांच्या वहीत लिहिला गेला आणि मामांना कामावरून कमी करण्यात आले.

ते मोहोळजवळच्या आपल्या गावी भाच्याकडे निघाले तेव्हा मी टांग्याच्या अड्ड्यावर गेलो. काय बोलायचे ते ठरवून गेलो होतो. एक वळकटी, एक पत्र्याची पेटी आणि ते. भाजलेल्या हातांची कातडी आखडलेली होती, पेटीची कडी त्यांना धरता येत नव्हती. मी ती टांग्यात ठेवली. ठरवलेले बोलायला तोंड उघडले तोच ते म्हणाले, "र्‍हाऊ द्या आता, सायेब. दमलो मी." त्यांनी मला क्षमा केली असे यात कोणी वाचू नये. मी बराच काळ तसे वाचत होतो. ते दमले होते, एवढाच त्याचा अर्थ.

पुढे मी तपासनीस झालो. देवळे, मशिदी, गिरण्या, सरकी-कापसाची गोदामे, जिथे म्हणून शिडी लागते तिथे मी चढलो. एकही जोड न पाहता सही केली नाही. गुडघे गेले तरी चढतो. भिंतीवर बोटाची गाठ वाजवून कान लावतो, आणि नवे कारकून विचारतात की साहेब, ही युक्ती कुठे शिकलात? मी हसून वेळ मारून नेतो. काटेकोर माणूस म्हणून कंपनीत माझे नाव झाले. ज्याच्याकडून ही विद्या आली त्याचे नाव मी कधी घेतले नाही.

मामा गावीच वारले. ते मला एका टांगेवाल्याकडून वर्षभराने कळले. देवळाचे छप्पर मंडळींनी चार-चार आणे जमवून पुन्हा घातले. गेल्या साली देवळाची सेवा केलेल्यांची नावे दगडावर कोरायचे ठरले. यादी करताना कोणी मामांचे नाव सुचवले, तर कोणी वही उघडून तो ठराव दाखवला, आणि नाव गळले. पाळकसाहेबांनीच मला हे रस्त्यात सांगितले. सांगून ते थोडा वेळ उभे राहिले. मी घड्याळ पाहिले आणि निघालो.

तो दगड अजून बसवलेला नाही, खाली थोडी जागा कोरी आहे असे ऐकतो. हे लिहून मी मोकळा झालो असे मला मुळीच वाटत नाही, कारण हे वाचणारे पंच नव्हेत. पंचांपुढे उभे राहून, मामा खरे बोलले आणि मी खोटे बोललो, एवढे मला म्हणायचे आहे. वहीतला हयगय हा शब्द त्यांच्या नावापुढून काढून माझ्या नावापुढे लिहवून घ्यायचा आहे. ते देणे मी अजून दिलेले नाही.