पाऊस आमच्या धुऱ्यावर थांबला

मंडळी, आठवडाभर विजांसह परतीचा पाऊस, असा अंदाज सकाळीच मोबाइलवर वाचला. आमचं सोंगून, म्हणजे कापून, ढीग लावलेलं सोयाबीन नांदगाव खंडेश्वरच्या वावरात उघडंच होतं. मी आणि माझी मोठी जाऊ ताडपत्री घेऊन पळालो.

ढीग अर्धाच झाकला होता, तेवढ्यात पाऊस येताना दिसला. अक्षरशः दिसला! आभाळापासून जमिनीपर्यंत पांढरा पडदा, आणि त्याचा तो आवाज. शेजारची तूर बघता बघता दिसेनाशी झाली.

"राहू दे वं, आता काई होत नाई," जाऊबाई म्हणाल्या.

पाऊस धुऱ्यापर्यंत, म्हणजे आमच्या वावराच्या बांधापर्यंत आला आणि तिथंच थांबला. पलीकडे धो धो पाणी, अलीकडे आमच्या पायाखाली कोरडी माती. जाऊबाईंनी धुऱ्यावरून हात पुढे केला. फक्त हातच भिजला.

"माय वं! पाह्य ना, मले तं काटाच आला अंगावर!"

पडदा हळूहळू पुढे सरकून गेला. तोवर आम्ही दोघी नुसत्या बघत होतो. उरलेला ढीग झाकायचं भानच राहिलं नाही.

मग झाकला. तुमचंही सोयाबीन बाहेर असेल तर आजच झाका, आठवडा असाच आहे म्हणे.

आणि सांगा, पावसाची अशी कड तुम्ही कधी हात लावून पाहिली आहे का?