अठरा हात पाणी

नोफ्री गेला त्याला आता वर्ष होईल. त्याच्याबद्दल चार चांगले शब्द गावात कुणीही सांगेल. मी सांगणार ते वेगळं, कारण आयुष्यभर त्याच्यावर जळलो तो मी, लापो पंपवाला. माझ्याइतकं त्याला निरखून कुणीच पाहिलेलं नाही.

आम्ही दोघं एकाच उस्तादाकडे पंप करायला शिकलो. लाकूड पोखरून नळ करायचा, त्यात चामडं लावलेला दट्ट्या बसवायचा, खाली झडप. माझा नळ सरळ, माझी झडप घट्ट. पण लोक जायचे नोफ्रीकडे. का? तर म्हणे तो गोड बोलतो! अहो, पंप काय बोलण्यावर चालतो? एकदा माझीच बायको बेत्ता, माझ्याच घरात, मी केलेला पंप हापसताना म्हणाली, "नोफ्रीभावजींचा पंप असा कुरकुरत नाही हं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घेवड्याचं सूप तसंच वाडग्यात गार झालं, मी घास खाल्ला नाही.

मग टेकडीवरच्या मठाचं काम निघालं. पाणी चोवीस हात खोल, आणि म्हाताऱ्या नन रहाट ओढून थकलेल्या. ज्याचा पंप तिथे चालेल, त्याला अख्ख्या खोऱ्यातली कामं मिळणार हे उघड होतं. मठाच्या मोठ्या बाईंनी बोलावलं कुणाला? नोफ्रीलाच!

सगळं गाव बघायला जमलं. नोफ्री हापसतोय, हापसतोय, पण पाण्याचा थेंब नाही. पाणी कुठवर चढतं ते कळावं म्हणून त्यानं पीठ चोळलेली सुतळी नळात सोडली होती. ती बाहेर काढली तर वरचे सहा हात कोरडे. म्हणजे पाणी अठरा हात चढून थांबलं होतं. त्यानं तीनदा चामडं बदललं, चरबी चोळली. तरी अठराच.

"चामडं बरोबर आहे," तो म्हणाला, "काहीतरी निराळंच घडतंय."

"नाचता येईना, अंगण वाकडं!" मी मागून ओरडलो, आणि गाव खो खो हसलं. आमच्या धंद्यात पाणी चढलं नाही तर चामडं गळतं, आणि चामडं गळालं तर कारागीर कच्चा, एवढंच सगळ्यांना ठाऊक. खोटं कशाला बोलू, मला आतून गुदगुल्या होत होत्या.

मग मला बोलावणं आलं. मी माझा पंप एकट्यानं बसवला. हापसलं, सुतळी काढली, मोजली. अठरा हात! दोन दिवस धडपडलो, वर एक बोटही चढेना. त्याच घटकेला नोफ्रीला हाक मारून सांगायला हवं होतं, की बाबा रे, माझाही इथेच अडलाय. पण जीभ रेटेना. मी दोर बांधून विहिरीत उतरलो. दहा हातांवर दगडाचा एक कठडा होता. पंप तिथेच बसवला, वरपर्यंत लांब दांडा आणला आणि आतलं कुणाला दिसू नये म्हणून विहिरीवर फळ्या ठोकल्या. आता खालून ओढायचं फक्त चौदा हात, पुढचं पाणी दट्ट्याच वर रेटणार. पाणी धो धो आलं. मठाची घंटा वाजली. "नोफ्रीला जमलं नाही ते लापोनं केलं!" लोक म्हणाले. मी मान डोलावली.

त्यानंतर नोफ्रीला पंपाचं काम कुणी दिलं नाही. तो विहिरींचा गाळ काढू लागला. अकरा वर्षं काढला. आणि माझा नीचपणा ऐका, तरीही मी जळायचोच! अंगभर चिखल माखून तो वर आला की बायका हसत त्याच्या हातावर पाव ठेवायच्या. मला पैसे मिळायचे, पण असा हसून पाव कुणी दिला नाही.

एका रविवारी आमचे पाद्री इलारिओ फ्लॉरेन्सहून आले आणि चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून नवी बातमी सांगू लागले. तिथे तोरिचेल्ली नावाच्या गृहस्थांनी काचेच्या नळीत पारा भरून नळी पाऱ्यातच उलटी धरली, तर पारा खाली येऊन सव्वा हातावर थांबला. "का? तर हवेला वजन आहे! तीच बाहेरून दाबते, म्हणून पारा नळीत उभा राहतो. विहिरीचं पाणीही पंपाच्या नळात तीच वर चढवते. पाणी पाऱ्याहून हलकं, म्हणून जास्त चढतं, पण अठरा हातांपलीकडे तिचा जोर नाही. मग कारागीर कितीही मोठा असो."

"मग आमच्या लापोनं चोवीस हातांवरून कसं ओढलं?" दुच्चो लोहार ओरडला. "कळवा त्या गृहस्थांना! म्हणावं, या इथं बघायला!"

"उद्याच पत्र लिहितो," पाद्री म्हणाले.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. नोफ्री गर्दीतून माझ्याकडेच येत होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की मठाच्या विहिरीचा गाळही दरवर्षी हाच काढतो! फळ्यांखाली काय आहे ते यानं केव्हाच पाहिलंय.

पण तो हळूच म्हणाला, "ऐकलंस? अठरा! म्हणजे माझं चामडं गळत नव्हतं रे. आणि तुला हे तेव्हाच उमगलं होतं. हवेचं कुणाला काही माहीत नसताना तू नुसती विहीर बघितलीस आणि पंप खाली नेलास. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा पोटात असं दुखलं माझ्या! म्हणून तर कुणाला बोललो नाही. अकरा वर्षं जळतोय तुझ्यावर, लेका."

नोफ्री माझ्यावर जळतोय! जन्मभर मला दुसरं काही नको होतं. गप्प बसलो असतो तर ते माझंच राहिलं असतं. पण त्याचं ते चिखलानं भेगाळलेलं बोट माझ्या बाहीवर होतं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"मला काही उमगलं नव्हतं, नोफ्री. वरून बसवला तेव्हा माझाही अठरावरच अडला होता. दोन दिवस."

त्यानं बोट काढून घेतलं.

"म्हणजे चूक माझी नव्हती," तो म्हणाला, "हे तुला अकरा वर्षं माहीत होतं."

मी पायऱ्या चढून गावाला सगळं सांगितलं. शिव्या खाल्ल्या. कामं नोफ्रीकडे परत गेली. माझ्याशी तो शेवटपर्यंत गोडच बोलला. फक्त माझ्यावर पुन्हा कधी जळला नाही.