ज्याने थांबवली, त्याने चालवावी

कंडक्टर निवृत्त होऊन दोन महिने होत नाहीत तोच त्यांच्या बायकोने देवापुढे हात जोडले, "या माणसाला कुठेतरी कामाला लाव रे बाबा." माणूस वाईट नव्हता. पण एकतीस वर्षं "पुढे सरका, पुढे सरका" करण्यात गेलेली. घरात सरकायला कोण? मग ते स्वयंपाकघरातले डबे सरकवत. एकदा साखरेच्या जागी मीठ येऊन बसलं आणि चहा खारट झाला, तेव्हा बायको म्हणाली, "आता मलाच एक तिकीट फाडा. माहेरचं."

देवाच्या कानावर गेलं म्हणायचं. शहराच्या टोकाला एक शाळा होती, तिच्या बसमध्ये मुलांबरोबर राहायला माणूस हवा होता. शाळा जराशी वेगळी. पूर्वी तिथे फर्निचरचं गोदाम होतं. जी मुलं मारतात, चावतात, खुर्च्या भिरकावतात, ज्यांच्या हातात दोन-तीन शाळांनी दाखला ठेवून दार लावून घेतलंय, ती इथे येत. एका वर्गात सहाच जण. कोपऱ्यात गाद्या घातलेली एक खोली. डोकं तापलं की तिथे जायचं, ओरडायचं, उड्या मारायच्या, रडायचं आणि निवलं की आपल्या पायांनी वर्गात परत यायचं. कोणी काही विचारत नसे, पण राहिलेली गणितं मात्र सोडवावीच लागत.

शाळेत गाडं रुळावर असे. घसरे ते बसमध्ये. पन्नास मिनिटांचा रस्ता, चौदा मुलं आणि गाद्यांची खोली नाही. आधीच्या दोन माणसांनी महिन्याच्या आत रामराम ठोकला होता.

कंडक्टर पहिल्या दिवशी चढले, तर एका पोरीने त्यांची टोपी काढून खिडकीबाहेर टाकली. "टकल्या, ऊन लागतंय का?"

"लागतंय ना, बाईसाहेब. सीट घ्या."

मागून शिव्यांचा पाऊस. ड्रायव्हर आरशातून बघत म्हणाला, "तुम्हाला राग कसा येत नाही हो?"

"एकतीस वर्षं शिव्या खाल्ल्यात. आता भूक नाही राहिली."

टोपी उडवणाऱ्या त्या पोरीला सगळे ठिणगी म्हणत. बारा वर्षांची, काडीसारखी बारीक, पण पेटायला वेळ नाही. आईवडील नव्हते. मावशीने वाढवलेली. मावशी बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला. तिथलं फाटक सव्वासातला बंद होई आणि बस त्यांच्या कोपऱ्यावर सात-दहाला येई. म्हणजे पोरगी बसमध्ये चढे तेव्हा मावशी केव्हाच वाटेला लागलेली.

दुसऱ्याच आठवड्यात ठिणगी एका मुलाच्या मनगटाला चावली. दातांची अख्खी रांग उमटली. कंडक्टरना ते बसच्या तक्रारवहीत लिहावं लागलं. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, घरी पत्र पाठवलं: बसमध्ये पुन्हा कोणाला इजा केली, तर बस बंद. बस बंद म्हणजे शाळाच बंद, कारण सोडायला येणारं दुसरं कोणी नव्हतं. मावशीने सही केली आणि कंडक्टरना फोन करून एवढंच म्हणाली, "दादा, ही पाचवी शाळा आहे हो. सहावी कुठून आणू?"

त्या दिवशी कंडक्टर जेवले नाहीत. बायकोने ताट झाकून ठेवलं आणि विचारलं. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "अहो, दूध उतू जायच्या आधी वर येतंच की. तेवढ्या वेळात गॅस बारीक करायला कोणीतरी हवं."

"तेच तर. मी एका टोकाला, ती दुसऱ्या टोकाला."

"मग तिच्याच हाताला लागेल असं काहीतरी करा ना."

कंडक्टरनी जुन्या डेपोत जाऊन भंगारातली एक घंटी मागून आणली. बसच्या छताखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ओढली. मुलांना सांगितलं, "एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. हात उचलावासा वाटला की दोरी ओढायची. बस थांबेल."

झालं! माकडाच्या हाती कोलीत. पहिल्या दिवशी सतरा वेळा टिंग. ड्रायव्हरने चावी काढून खिशात टाकली. "ही बस आहे की बैलगाडी?" तेव्हा मात्र कंडक्टरांचाही तोल गेला. "आता ऐका! ज्याने थांबवली, त्यानेच दोन घंट्या द्यायच्या. तोपर्यंत बस हलणार नाही. बसा बोंबलत!"

रागाच्या भरात तोंडातून गेलेलं वाक्य. पण मुलांनी ते असं धरलं की जणू दगडावर कोरलंय. कुठलाच नियम न पाळणारी ती चौदा मुलं या एका नियमाची पहारेकरी झाली. उगाच घंटी देणाऱ्याला "आता तूच चालव!" म्हणून सगळे मिळून झापत. आठवड्याभरात सतराच्या दोन-तीन झाल्या. मारामाऱ्याही कमी झाल्या. पण बस रोज उशिरा पोहोचे. मोठ्या बाई म्हणाल्या, "काका, तुमची घंटी चांगली आहे, पण माझा पहिला तास रोज बुडतो. आणखी एकदा उशीर झाला तर दोरी काढावी लागेल."

आणि नेमकं दुसऱ्या दिवशी, टायरच्या दुकानासमोर, मागच्या सीटवरचा एक जण म्हणाला, "ठिणगे, मावशी तुलापण एक दिवस खोक्यात पॅक करून पाठवून देईल बघ."

ठिणगी उठली. मूठ वर गेली. ती मूठ तशीच आणखी वर गेली आणि तिने दोरी पकडली. टिंग.

बस थांबली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. ठिणगी दोरी धरून उभी, डोळे खिडकीबाहेर. पंधराव्या मिनिटाला शाळेतून फोन आला. ड्रायव्हर हळूच म्हणाला, "द्या ना तुम्हीच डबल. दोरी तरी वाचेल."

कंडक्टरांचा हात वर गेलाही. एकतीस वर्षांची सवय! तेवढ्यात मुलं ओरडली, "ओ काका! घंटी तिची आहे!" सगळ्यांत मोठा आवाज तो खोक्याचं बोलणाऱ्याचाच होता.

कंडक्टरनी हात खाली घेतला. मनात देवाचं नाव घेतलं आणि ठिणगीच्या पुढच्या सीटवर तिच्याकडे पाठ करून बसले.

बऱ्याच वेळाने मागून आवाज आला, "मी मारलं नाही."

"नाही मारलंस."

"मारणार होते."

"दिसलं मला."

"मग लिहा वहीत. बस बंद करा माझी."

कंडक्टरनी खरंच वही काढली. एकेक शब्द मोठ्याने म्हणत लिहिलं, "हात उचलला... दोरीला लावला... दोरीची काही तक्रार नाही."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळी बस हसली. ठिणगीने ओठ दाबून धरले, पण नाकातून हसू निसटलंच. त्या वैतागात तिने दोरीला असे दोन हिसके दिले की टिंग टिंग वाजलं आणि दोरी तुटून तिच्या हातात आली.

शाळेत पोहोचायला त्रेचाळीस मिनिटं उशीर. मोठ्या बाई फाटकात उभ्या. कंडक्टरनी वही पुढे केली. बाईंनी वाचलं. मग ठिणगीच्या हातातल्या दोरीकडे बघून विचारलं, "लागलं कोणाला?"

"नाही, बाई."

"कोणालाच?"

"कोणालाच नाही," ठिणगी म्हणाली. "मोजा हवं तर."

बाईंनी वही मिटून परत दिली आणि कंडक्टरना म्हणाल्या, "नवीन दोरी जाड घ्या. आणि उद्यापासून बस वीस मिनिटं आधी काढा. थांबायचा वेळ धरूनच निघा."

ड्रायव्हर कुरकुरला. कंडक्टरांची बायकोही कुरकुरली, पण दुसऱ्या दिवशी डबा वेळेआधी तयार होता.

त्या सकाळी बस ठिणगीच्या कोपऱ्यावर सात वाजायला दहा कमी असताना पोहोचली. पोरगी उभी होती, आणि तिच्या शेजारी कारखान्याचा निळा कोट घातलेली एक बाई, केसांना फडकं बांधलेली. कंडक्टरनी मावशीला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ती पोरीच्या दप्तराचा पट्टा नीट करत होती. पट्टा नीटच होता, तरी करत होती.

"आता रोज सोडायला येता येईल, दादा," ती म्हणाली. "वेळ पुरतो."

ठिणगी पायरीवर चढली आणि वळून खेकसली, "जा आता मावशे, फाटक लागेल ना तुझं!"

मावशी हलली नाही. बस निघेपर्यंत दोघी एकमेकींना "जा", "तू जा" म्हणत राहिल्या, आणि कंडक्टरनी डबल द्यायला चांगली दोन मिनिटं लावली.